मगरीचे दात, उंबरातली केंबरं आणि बांडगूळ: वाचकांचे प्रश्न

सहजीवनावर या वेळी भरपूर प्रश्न आलेत, त्यातले निवडक घेतोय.

प्रश्न: मगर आ करून बसते आणि एक पक्षी तिच्या दातांत अडकलेलं मांस खातो म्हणतात, खरंय का?

अशी गोष्ट प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लिहून ठेवली (त्याच्या लिखाणात पक्षी मांस नाही, जळवा खातो), म्हणजे जवळपास २५०० वर्षं जुनी, आणि तेव्हापासून एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत आली, पण पक्कं निरीक्षण काही हाती नाही. तसंही मगरीचे दात आयुष्यभर पडतात नि नवे येतात, तिला डेंटिस्ट हवा कशाला?

खरा सफाईवाला बघायचा तर प्रवाळाच्या खडकात जा. क्लीनर रास नावाचा बोटभर मासा, निळ्या अंगावर लांब काळा पट्टा, ठरलेल्या जागी थांबतो आणि मोठे मासे तिथे येऊन कल्ले उघडून चक्क नंबर लावतात. हा त्यांच्या अंगावरचे परजीवी टिपतो. पण गंमत अशी की याला परजीवींपेक्षा त्या माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थरच जास्त आवडतो, मग मधेच एक चोरटा चावा घेतो, गिऱ्हाईक दचकतं, कधी निघून जातं तर कधी याच्या मागे लागतं. नर-मादी मिळून काम करताना मादीने असा चावा घेतला तर नर तिलाच पळवतो, कारण तिच्या हावरटपणात त्याचंही जेवण गेलेलं असतं! आणि बाकीची गिऱ्हाइकं बघत असली की साहेब जरा सभ्य वागतात.

प्रश्न: गायबगळे गुरांच्या अंगावरचे गोचीड खातात ना?

क्वचित. त्यांचं लक्ष असतं गुरांच्या पायांमुळे गवतातून उडणाऱ्या नाकतोड्यांवर. बगळ्याचा फायदा, गाईला ना नफा ना तोटा. ट्रॅक्टर असला तरी त्याला चालतं! खरंच गोचीड खातो तो आफ्रिकेतला ऑक्सपेकर पक्षी, पण तोही जनावराच्या अंगावर जखम दिसली की ती टोचून रक्त पितो, म्हणजे सकाळी डॉक्टर आणि दुपारी गोचीडच.

प्रश्न: उंबर फोडलं की बारीक किडे उडतात. फळ सडल्यामुळे का?

नाही हो, ती केंबरं नसती तर उंबरच टिकलं नसतं. आपण ज्याला फळ म्हणतो तो खरं तर फुलांचा बंद गोळा आहे, शेकडो फुलं आतल्या बाजूला, म्हणून तर उंबराचं फूल कुणाला दिसत नाही. टोकाला एक इवलंसं भोक असतं, त्यातून तिळापेक्षा लहान माशी, म्हणजे गांधीलमाशीची लांबची भाऊबंद, अंग रेटत आत घुसते आणि त्या रेटारेटीत तिचे पंख तुटतात. आता परत जाणं नाही. सोबत आणलेले परागकण ती फुलांवर टाकते, काही फुलांत अंडी घालते नि तिथेच मरते. पुढच्या पिढीत आधी नर बाहेर येतात, बिनपंखी, ते माद्यांशी मीलन करतात, बाहेर पडायला भोक पाडतात आणि खेळ खलास. माद्या परागकण घेऊन उडतात, हातात एक-दोन दिवसांचं आयुष्य, तेवढ्यात दुसरं झाड गाठायचं.

फुकटेही आहेतच. काही माश्या आत येतच नाहीत, बाहेरूनच लांब सुईसारख्या अवयवाने अंडी टोचतात, परागकण शून्य. आणि उंबराच्या कुळातल्या काही झाडांत आत शिरलेल्या माशीने परागकण आणलेच नसतील तर झाड ते फळच पाडून टाकतं, आतल्या अंड्यांसकट.

प्रश्न: बांडगूळ पूर्ण परजीवी का?

अर्धं. पानं हिरवी असतात, अन्न स्वतः बनवतं, पाणी आणि क्षार मात्र यजमान झाडातून ओढतं. बी चिकट असतं, फुलटोच्यासारखे पक्षी फळ खातात आणि बी दुसऱ्या फांदीवर चिकटवून जातात. म्हणजे झाडाला त्रास देणारं बांडगूळ पक्ष्याशी मात्र अगदी इमानदारीने वागतं.

प्रश्न: सोयाबीन उपटलं तर मुळांना गाठी दिसल्या. रोग आहे का?

आधी गाठ नखाने काढून बघा. सहज सुटली तर ती रायझोबियम जिवाणूंची, मूळच फुगलेलं असेल आणि गाठ सुटत नसेल तर सूत्रकृमीचा, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म जंतांचा, संशय घ्या. सुटलेली गाठ मग फोडा, आत गुलाबी दिसलं तर काम चालू आहे, हवेतला नायट्रोजन झाडाला मिळतोय आणि बदल्यात जिवाणूंना साखर. सोयाबीनवरचा एक प्रयोग २००३ मध्ये छापून आला होता, त्यात काही गाठींना नायट्रोजनच मिळू दिला नाही, तर झाडाने त्या गाठींचा ऑक्सिजन आखडता घेतला. पगार बंद! आणि जमिनीत नत्र (म्हणजे नायट्रोजन) आधीच भरपूर असेल तर झाड गाठी फारशा धरतच नाही, तेव्हा पुढच्या वेळी गाठी कमी दिसल्या तर जिवाणूंना नावं ठेवण्याआधी युरिया किती टाकला होता ते आठवा.