धम्मचक्र ‘परिवर्तन’ की ‘प्रवर्तन’?

प्रश्न वडोद्याच्या एका ताईंचा आहे. त्यांच्या मंडळाच्या दसऱ्याच्या कार्यक्रमाची पत्रिका छापून आली, तिच्यावर ‘धम्मचक्र परिवर्तन दिन’ असं होतं. त्यांनी हरकत घेतली, तर छापणारे भाऊ म्हणाले, ‘बदलच झाला ना? मग परिवर्तनच की!’ बरोबर काय?

बरोबर ‘प्रवर्तन’. ताई, तुमची हरकत योग्यच होती. पण भाऊंचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दोन्ही शब्दांचा धातू एकच, वृत्. फरक उपसर्गाचा. ‘प्र’ म्हणजे पुढे. प्रवर्तन म्हणजे चालतं करणं. पंथाचा प्रवर्तक असतो, आपण एखाद्या कामाला प्रवृत्त होतो, ते याच घरातले शब्द. ‘परि’ म्हणजे सभोवार. परिवर्तनाचा मूळ अर्थ फिरणं, ‘बदल’ हा त्यावरून आलेला. ‘चक्रवत् परिवर्तन्ते दुःखानि च सुखानि च’ हे सुभाषित शाळेत घोकलेलं असेलच. म्हणजे संस्कृतात चाकाचं परिवर्तन होतंच, फक्त ते रहाटगाडग्याचं, फिरून तिथेच येणारं.

सारनाथला बुद्धांनी पाच भिक्खूंना पहिला उपदेश केला, त्या सुत्ताचं पाली नावच ‘धम्मचक्कप्पवत्तन’. थांबलेलं चाक चालू झालं, हा त्यातला अर्थ. १४ ऑक्टोबर १९५६ ला, विजयादशमीला, नागपुरात बाबासाहेबांनी महास्थविर चंद्रमणींकडून दीक्षा घेतली आणि मग स्वतः लाखोंना दिली. त्या दिवसालाही तेच नाव लागलं. काही जण ‘अनुप्रवर्तन’ म्हणतात: मूळ चाक बुद्धांचं, बाबासाहेबांनी ते पुढे चालवलं. शब्द उच्चारायला जड, पण मला नेमका वाटतो. गीतेतही ‘एवं प्रवर्तितं चक्रं नानुवर्तयतीह यः’ अशी ‘प्र’ आणि ‘अनु’ची जोडी आहे. (तिथलं चक्र यज्ञाचं, ही गोष्ट वेगळी.)

मग ‘परिवर्तन’ घुसतं कुठून? कान सरावलेत. समाजपरिवर्तन, हृदयपरिवर्तन, परिवर्तनवादी चळवळ. त्यात वडोद्यात भोवती हिंदी-गुजराती, आणि तिथे ‘धर्मपरिवर्तन’ सर्रास चालतं. मराठीत ‘धर्मांतर’च रूढ, १९३५ साली येवल्यात झाली तीही धर्मांतराचीच घोषणा.

मला अर्थातला एक फरक जास्त महत्त्वाचा वाटतो. परिवर्तन आपोआपही होतं, ऋतूंचं होतं तसं. प्रवर्तनाला कर्ता लागतो. तुमच्या गावातलंच बघा. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून आलेले बाबासाहेब १९१७ मध्ये वडोद्यात नोकरीवर रुजू झाले, आणि जातीमुळे त्यांना राहायला जागा मिळेना. शेवटी कमाटीबागेत जाऊन बसायची वेळ आली. त्या जागेला आज ‘संकल्पभूमी’ म्हणतात. ‘परिवर्तनभूमी’ नाही. नाव देणाऱ्यांनी तिथेही माणसाने स्वतः करायच्या गोष्टीचाच शब्द निवडला.

तेव्हा भाषणात ‘त्या दिवसाने समाजात परिवर्तन घडवलं’ असं कुणी म्हटलं तर खुशाल म्हणू द्या, ते बरोबरच आहे. दिवसाच्या नावात मात्र प्रवर्तनच. आणि पत्रिका नव्याने छापणारच असाल, तर ‘धम्मचक्र’ जोडून घ्यायला सांगा. बऱ्याच फलकांवर ‘धम्म’ आणि ‘चक्र’ सुटे पडलेले दिसतात.