मराठवाड्यात चार दिवस पायी फिरायचं तर पायात काय घालावं?

तुम्ही विचारलंय की डिसेंबरच्या सुट्टीत आई-वडिलांना घेऊन वेरूळ, अजिंठा, देवगिरी किल्ला आणि जमलं तर औंढा नागनाथ करायचंय. आईंनी साठी ओलांडली आहे, त्यांना मधुमेह आहे. वडील जन्मभर चपलेत वावरलेले. तिघांसाठी बूट कुठले घ्यावेत आणि मोजे कसले?

मी संभाजीनगरची. शाळेत शिकवते, त्यामुळे हिवाळ्यात मुलांच्या सहली आणि एरवी घरी आलेले पाहुणे, असं या सगळ्या ठिकाणी सारखं जाणं होतं. माझं म्हणणं असं की आधी मोजे ठरवा, मग बूट. बहुतेक लोक उलट करतात. बुटांवर हजारो रुपये घालतात आणि मोजे मात्र स्टेशनबाहेरच्या गाडीवरून घेतात, शंभराला तीन जोड.

इकडच्या फिरण्यात पायातलं सारखं काढावं लागतं, हे बाहेरून येणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. अजिंठ्याचंच घ्या. फर्दापूरच्या फाट्यावर गाडी लावायची, तिथून चार किलोमीटर शटल बसने लेण्यांच्या पायथ्याशी यायचं, पायऱ्या चढायच्या आणि वाघूर नदीच्या वळणावर नालाच्या आकारात कोरलेल्या लेण्यांतून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचं. चित्रं असलेली मुख्य लेणी म्हणजे १, २, १६ आणि १७. तिथे पादत्राणं बाहेर ठेवावी लागतात. आत उजेड कमी, माणूस मान वर करून छत बघत पाच-दहा मिनिटं उभा, आणि तळव्याखाली गार दगड. मध्ये फक्त मोजा. बाहेर आलं की पुन्हा बूट, पुढच्या लेण्याशी पुन्हा काढा. घृष्णेश्वराला तेच, खुलताबादच्या भद्रा मारुतीला तेच, औंढ्याला तेच. म्हणून तुमच्या दिवसातला बराच वेळ प्रत्यक्षात मोज्यांवर जाणार आहे.

यात एक बारीक गोष्ट फार महत्त्वाची आहे. लेण्याच्या दारात बूट परत घालताना मोज्याचा तळ हाताने झटकून घ्या. तिथली भुरभुरीत धूळ आणि बारीक खडे मोज्याला चिकटतात, बुटात जातात आणि पुढच्या दोन तासांत टाचेला फोड आणतात. सहलीतल्या मुलांना मी हे दर लेण्याशी ओरडून सांगते.

आता मोजा कसला? सुती म्हणजे चांगलं, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. लांब चालण्याच्या मोज्यांपुरतं ते बाजूला ठेवा. सूत घाम पितं आणि धरून ठेवतं. आमच्याकडे डिसेंबरात सकाळी स्वेटर लागतो आणि दुपारी एकला तेच ऊन पाठ भाजतं. तोपर्यंत सुती मोजा आतून ओला झालेला असतो. ओली कातडी मऊ पडते, मोजा तिला धरून ठेवतो, पाय बुटात पुढे-मागे होत राहतो आणि कातडीच्या थरांमध्ये ताण येऊन तिथे पाणी भरतं. फोड येतो तो असा. त्यामुळे खेळाच्या दुकानात जा आणि लेबल वाचा. पॉलिस्टर किंवा नायलॉन जास्त आणि थोडं इलॅस्टेन असलेला मोजा घाम बाहेर टाकतो आणि लवकर वाळतो. मेरिनो लोकरीचे पातळ मोजे मिळाले तर आणखी उत्तम. लोकर म्हटलं की लोक घाबरतात, पण पातळ मेरिनो उकडत नाही, ओली झाली तरी पायाला बोचत नाही आणि वासही कमी येतो. महाग असतात, म्हणून तिघांना नको, फक्त आईंना घेतलेत तरी चालेल.

घेताना मोजा उलटा करा आणि बोटांपाशी जी शिवण असते तिच्यावरून बोट फिरवा. ती दोरीसारखी जाड लागली तर तो मोजा परत ठेवा. तळाला आणि टाचेला टर्किशची जाडसर वीण असावी, वरून पातळ असावा. उंची बुटाच्या काठाच्या चार बोटं वर. हल्ली ते बुटात लपणारे छोटे मोजे निघालेत, ते चालता चालता टाचेखाली सरकतात आणि त्यांचा गोळा होतो. ते नकोतच. मापही नेमकं घ्या, कारण ढगळ मोज्याला सुरकुती पडते आणि फोड बरोबर त्या सुरकुतीखाली येतो.

माणशी दिवसाला दोन जोड धरा. जेवायला बसलात की मोजे बदला आणि ओले पिशवीच्या पट्ट्याला अडकवून वाळत टाका. लोकांना हे चमत्कारिक वाटतं. वाटू द्या. दुपारनंतर पाय हलके राहतात ते यामुळेच.

बुटांचं त्या मानाने सोपं आहे. घोट्यावर चढणारे, जाडजूड ट्रेकिंगचे बूट इथे लागत नाहीत. वाटा बहुतेक बांधलेल्या, नाहीतर दगडी. चालण्याचे किंवा पळण्याचे साधे स्पोर्ट्स शूज पुरतात. हातात घेऊन बघा: बूट चवड्यापाशी वाकला पाहिजे, मधोमध दुमडला तर वाईट. दोन टोकं धरून पिळून बघा, फडक्यासारखा पिळला गेला तर दगडावर पायाला आधार मिळणार नाही. मागचा टाचेचा भाग अंगठ्याने दाबला तर तो चेपता कामा नये. खाली खाचा असलेलं रबर हवं.

खरेदीला संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे फुगतात म्हणून. जे मोजे घालून फिरणार तेच घालून बघा. उभं राहिल्यावर सगळ्यांत लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. दोन्ही पायांचं माप अनेकदा सारखं नसतं, मोठ्या पायाचं घ्या. आणि रुंदी तपासायची एक खात्रीची युक्ती सांगते: आतला सुकतळा बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभे राहा. करंगळीची बाजू सुकतळ्याच्या बाहेर सांडत असेल तर तो बूट कितीही मऊ असला तरी दुपारी चावणार. दुकानदार कंटाळतो, पण हे कराच. म्हणूनच आई-वडिलांचे बूट ऑनलाइन मागवू नका. त्यांना दुकानात घेऊन जा.

नवे बूट निघण्याच्या निदान तीन आठवडे आधी घ्या. आधी घरात, मग दूध-भाजी आणायला, मग एखाद्या रविवारी चार-पाच किलोमीटर. जिथे लागतंय ते तेव्हाच कळू द्या.

आई-वडिलांसाठी मी नाडीऐवजी वेल्क्रोचे पट्टे सुचवेन. दर लेण्याशी वाकून नाडी सोडा-बांधा करायचा वयस्कर माणसांना वैताग येतो. मग ते बुटाची मागची बाजू चेपून तशीच स्लीपरसारखी घालतात आणि टाचेचा आधार गेला की पायऱ्या उतरताना पाय मुरगळतो. पिशवीत एक छोटा शू-हॉर्न टाका. पाच-पंचवीस रुपयांची वस्तू, पण कमरेला केवढा आराम.

देवगिरीचा विचार वेगळा करा. तिथे त्रास होतो तो उतरताना. शेकडो पायऱ्या उतरताना प्रत्येक पावलाला पाय बुटात पुढे घसरतो आणि अंगठ्याचं नख पुढच्या भिंतीवर आपटतं. दुसऱ्या दिवशी नख काळंनिळं. त्यावर उपाय दोन. नखं दोन-तीन दिवस आधी सरळ कापून ठेवा. आणि तुमच्या बुटाला नाडी असेल तर उतरायच्या आधी ती घोट्यापाशी पुन्हा आवळून बांधा. बुटाला अगदी वर जे एक जास्तीचं भोक असतं, ते बहुतेकांनी कधी वापरलेलंच नसतं. नाडी त्यातून ओवून बांधली की टाच मागे घट्ट बसते आणि बोटं पुढे जात नाहीत. किल्ल्यातला अंधारी हा भुयारी मार्ग खरोखर काळोखा आहे. पायऱ्या कमी-जास्त उंचीच्या आणि वटवाघळांमुळे जागोजागी निसरड्या. गुळगुळीत कातडी तळाचं काहीही तिथे नको, आणि हातात टॉर्च हवाच. आईंना चांद मिनार, भारतमाता मंदिर हा खालचा भाग निवांत दाखवा. बारादरीपर्यंतचा चढ तुम्ही आणि बाबांनी दमाने करा, नाही केला तरी काही बिघडत नाही.

बाबांचं. जो माणूस पन्नास वर्षं चपलेत चाललाय त्याला चार दिवसांसाठी बुटात कोंबू नका, त्यांना सुखाचं होणार नाही. पण साधी चप्पलही नको. मागे पट्टा नसला की चप्पल निसटू नये म्हणून बोटं सतत आकडून धरावी लागतात आणि संध्याकाळपर्यंत पोटऱ्या भरून येतात. मागे पट्टा असलेली, जाड रबरी तळाची सँडल घ्या, त्यात मोजेही घालता येतात. ते म्हणतील, आम्ही अनवाणी चाललोय. खरंच चालले असतील. हनुमान जयंतीला आमच्याकडून भद्रा मारुतीला रात्रभर माणसं चालत जातात, कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला, कितीतरी जण अनवाणी, आणि त्या श्रद्धेपुढे मी हात जोडते. पण त्यातले बरेच जण रोज शेतात, रस्त्यावर चालणारे असतात. शहरातल्या फरशीवर राहिलेल्या तळव्याला तशी कातडी नसते.

आता आई. हे नीट वाचा. जुन्या मधुमेहात तळव्याची जाणीव कमी होते. खडा रुतला, चटका बसला, फोड फुटला, तरी माणसाला कळत नाही, आणि जखम भरायला वेळ लागतो. म्हणून निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांकडून तळव्याची संवेदना तपासून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे. संवेदना कमी निघाली तर त्यांना अनवाणी अजिबात चालू देऊ नका. आमचा काळा दगड दुपारी तापतो, डिसेंबरातही देवळाचं अंगण उन्हात असेल तर चटका देतो. देवदर्शन सकाळी लवकर करा. देवळासाठी जाड तळाच्या मोज्यांचा एक वेगळा जोड ठेवा, मोजे घालून आत चालेल का हे दारातच विचारून घ्या, आणि बाहेर आल्यावर तो जोड बदला. गुळगुळीत फरशीवर मोजा घसरतो, त्यामुळे त्यांचा हात धरा.

त्यांचे मोजे पांढरे किंवा फिक्या रंगाचे घ्या, रक्ताचा किंवा पाण्याचा डाग लगेच दिसतो. वरची इलॅस्टिक सैल हवी. संध्याकाळी पोटरीवर खोल वळ उमटत असेल तर ते मोजे बाद. मुक्कामाच्या ठिकाणी आत वावरायला एमसीआरची चप्पल न्या, मऊ रबराची असते, मधुमेहींसाठी म्हणून मागितली की मिळते. रोज रात्री तुम्ही स्वतः त्यांचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघा, मोबाइलचा उजेड पाडून. आई संकोचतील, तरी बघा. पाय शेकायला गरम पाण्यात बुडवू देऊ नका, पाणी किती गरम आहे हे त्यांच्या पायाला कळणार नाही. कुरूप असेल तर दुकानातल्या औषधी पट्ट्या लावू नका, त्यातल्या ॲसिडने भोवतालची कातडीही जाते. सकाळी बूट घालण्याआधी आत हात घालू नका, आधी उलटा करून आपटा. आमच्याकडे विंचू असतात.

फोड यायच्या आधी त्या जागी उष्णता आणि चुरचुर जाणवते. तेव्हा थांबायचं, पुढच्या लेण्यापर्यंत ढकलायचं नाही. मेडिकलमध्ये कागदी चिकटपट्टी मिळते, मायक्रोपोर म्हणून. ती त्या जागी सुरकुती न पडता लावा. ज्यांना नेहमी एकाच ठिकाणी फोड येतो त्यांनी ती सकाळीच लावून निघावं. फोड आलाच तर सुईने फोडू नका, वर मऊ पट्टी लावा. आपोआप फुटला तर स्वच्छ पाण्याने धुवा, वरची कातडी ओढून काढू नका, झाकून ठेवा. आईंना आला तर घरगुती काही नको, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

दिवस लावताना एवढं बघा की अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असतं. वेरूळला ३४ लेणी जवळजवळ दोन किलोमीटरभर पसरली आहेत. १६ नंबरचं कैलास सावकाश बघा आणि टोकाच्या जैन लेण्यांपर्यंत, ३० ते ३४, चालत न जाता वाहनाने जा. देवगिरी आणि अजिंठा लागोपाठच्या दिवशी नको, पोटऱ्या दुखत असताना अजिंठ्याच्या पायऱ्या जड जातात. औंढा शेवटी ठेवा. त्या दिवशी चालणं कमी आणि गाडीत बसणं जास्त, पण तासन् तास पाय खाली सोडून बसल्यानेही ते सुजतात. दर दीड-दोन तासांनी आईंना उतरवून चार पावलं चालवा, आणि दुपारी बूट घट्ट वाटला तर वेल्क्रो थोडं सैल करून द्या.