नागपूरहून एका दिवसात जाऊन येण्यासारखा शांत तलाव कोणता?

तुम्ही लिहिलंय की फुटाळा आणि अंबाझरीला आता गर्दीच बघायला जावं लागतं, खिंडसीला बोटींचा गलबला असतो, आणि तुम्हाला फक्त एक दिवस डोकं शांत करायचंय. माझं उत्तर सरळ आहे: नवेगाव बांध.

गोंदिया जिल्ह्यात, नागपूरपासून साधारण १३०-१४० किलोमीटर. भंडारा, लाखनी, साकोली करत कोहमाऱ्याला यायचं आणि तिथून उजवीकडे वडशाच्या रस्त्याला लागायचं. पहाटे पाचला निघालात तर आठपर्यंत पाळीवर असाल. उशीर करून गेलात तर अर्धी मजा गेली, कारण दहानंतर ऊन वर आलं की पक्षी दूर सरकतात.

पाळ म्हणजे तलावाचा बांध. हा तलाव नैसर्गिक वाटतो, पण तो माणसांनी बांधलाय, तोही अठराव्या शतकाच्या सुमारास, धानाला पाणी मिळावं म्हणून. कोलू पाटील कोहळी यांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. भंडारा-गोंदियातले कितीतरी जुने तलाव कोहळी समाजाने उभे केले. इथल्या लोकांनी पुढे कोलू पाटलांना कोलासूर म्हणून देवच केलं, आणि भोवतालच्या सात टेकड्या त्या सातबहिणी. पाळ पुरी झाली ती त्यांच्या कृपेने, असं मानतात. तलाव बांधणाऱ्याला देवपण देणारी माणसं मला तरी फार आवडतात.

तिथे करायचं काय? काही नाही. झाडाखाली चटई टाका आणि पाण्याकडे बघत बसा. डिसेंबर-जानेवारीत गेलात तर पाहुणी बदकं असतात. कमळाच्या पानांवरून चालणारा कमळपक्षी मात्र दुर्बिणीशिवायही दिसतो. त्याची बोटं इतकी लांब असतात की पान जरासं दबतं, बुडत नाही; दुसरा पाय पुढच्या पानावर टेकेपर्यंत आधीचं पान पुन्हा वर आलेलं असतं. हे बघण्यात माझा तास कसा जातो कळत नाही. मध्येच एखादा ढिवर डोंग्यातून जाळं ओढत जातो. त्याला हाका मारून फोटो मागू नका, तो कामावर असतो.

आता एक आग्रहाचं सांगणं. 'एवढ्या लांब आलोच आहोत तर' म्हणून नागझिऱ्याची सफारी आणि इटियाडोह धरण त्याच दिवसात कोंबू नका. नवेगाव-नागझिरा २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, त्यासाठी वेगळा दिवस काढा. नाहीतर दिवसभर गाडीतच बसाल आणि घरी याल ते अजून दमून. सारस बघायच्या आशेनेही जाऊ नका, दिसला तर नशीब.

डबा घरूनच न्या, मनासारखं जेवण तिथे मिळेलच असं नाही. पावसाळ्यात हिरवळ सुंदर असते, पण डास आणि चिखल दोन्ही भरपूर, आणि बदकं नसतात. उन्हाळ्यात मी कुणालाच पाठवणार नाही. सुट्टी मिळत असेल तर मधला वार निवडा, रविवारी सहली येतात. आणि परतताना दिवस मावळायच्या आत कोहमारा गाठा. तिथपर्यंतच्या रस्त्यावर जंगल लागतं, अंधारात जनावर आडवं येऊ शकतं.