वाचकांचे प्रश्न : हीट पंपावर सबसिडी मिळते का?

प्रश्न : मुलीने इंग्लंडमध्ये घरी हीट पंप (हवेतली उष्णता ओढून घर किंवा पाणी तापवणारे यंत्र) बसवला, तेव्हा तिथल्या सरकारने ७,५०० पौंड दिले. आम्ही नागपुरात पाणी तापवायला २०० लिटरचा हीट पंप घ्यायचे म्हणतो. विक्रेता सांगतो, इथेही सबसिडी मिळेल. खरे आहे का? (मनीषनगर)

उत्तर : नाही. घरगुती हीट पंपावर केंद्राची किंवा राज्याची सबसिडी नाही. सबसिडीच्या भरवशावर आगाऊ रक्कम देऊ नका.

मुलीला मिळालेले अनुदान इंग्लंड आणि वेल्सपुरते आहे. गॅसचा किंवा तेलाचा बॉयलर काढून अख्खे घर हीट पंपावर उबदार ठेवावे, यासाठी ते दिले जाते. अर्ज पंप बसवणारा करतो आणि रक्कम बिलातून वजा होते. स्कॉटलंडची योजना वेगळी आहे, तिथे अनुदानासोबत बिनव्याजी कर्जही मिळते. जर्मनीत ३० टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत मदत मिळते, पण अर्ज काम सुरू होण्याआधीच करावा लागतो. अमेरिकेतली २,००० डॉलरपर्यंतची केंद्रीय करसवलत २०२५ अखेर संपली. थंडी जिथे महिनोन्‌महिने टिकते, तिथल्या या योजना आहेत.

आता आपला हिशेब पाहा. २०० लिटर पाणी २० अंशांवरून ५० अंशांवर न्यायला साध्या गीझरला सुमारे ७ युनिट लागतात, हीट पंपाला दोन-अडीच. बचत रोजची साडेचार-पाच युनिट. पण नागपुरात गीझर लागतो तो नोव्हेंबर ते फेब्रुवारी; मे महिन्यात तर टाकीतलेच पाणी चटके देते. शिवाय बादलीने आंघोळ करणाऱ्या चौघांना १०० लिटर पुरते, म्हणजे बचत आणखी निम्मी. एवढ्यासाठी महागडे यंत्र घ्यावे, असे आम्हाला वाटत नाही. रोज हजार लिटर गरम पाणी लागणाऱ्या वसतिगृहाची गोष्ट वेगळी, तिथे सबसिडीविनाही पंप परवडतो.

प्रश्न : मग सरकारी मदत नेमकी कशावर मिळते?

उत्तर : गच्चीवरच्या, वीज तयार करणाऱ्या सोलर पॅनेलवर. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या २ किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,००० रुपये. ३ किलोवॅट आणि त्यापुढे कितीही बसवा, कमाल ७८,००० रुपयेच. हाउसिंग सोसायटीला सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये.

योजनेच्या पोर्टलवर महावितरणच्या ग्राहक क्रमांकाने नोंदणी करा आणि तिथल्याच यादीतला विक्रेता निवडा. पॅनेल बसले, नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा मीटर) लागला आणि तपासणी झाली की बँक खात्याचा तपशील भरायचा. पैसे थेट तुमच्या खात्यात येतात. सुरुवातीला विक्रेत्याला पूर्ण किंमत द्यावी लागते, तेव्हा तेवढी तजवीज ठेवा. योजनेत कर्जाचीही सोय आहे.

अर्ज बहुधा नावावर अडतो. वीजबिल दिवंगत वडिलांच्या नावे आणि बँक खाते मुलाच्या, अशी अवस्था अनेक घरांत असते. आधी बिलावरचे नाव बदलून घ्या, मगच नोंदणी करा. दुसरी अडचण पॅनेलची : आतले सेलसुद्धा भारतीय बनावटीचे असलेले, म्हणजे डीसीआर पॅनेलच सबसिडीला चालतात. स्वस्त म्हणून दुसरे बसवले तर वीज तयार होईल, सबसिडी मात्र गेली. कोटेशनवर ‘डीसीआर’ लिहून घ्या.

३ किलोवॅटला सुमारे ३०० चौरस फूट सावलीविना जागा लागते आणि दिवसाला सरासरी १२ युनिट मिळतात. पॅनेल २५ अंशांच्या वर तापले की दर अंशाला साधारण ०.३५ टक्के उत्पादन घटते. मेमध्ये ते ६५ अंशांवर गेले, तर १४ टक्के गेलेच. म्हणून पॅनेल स्लॅबला चिकटवू नका, खालून वारा खेळू द्या. धूळ पहाटे धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी नको.

प्रश्न : हीट पंप आधीच घेतला आहे, पण पाणी कोमटच येते. (प्रतापनगर)

उत्तर : यंत्र बंद डक्टमध्ये किंवा बाथरूममध्ये असेल, तर ते स्वतःच थंड केलेली हवा पुन्हा ओढते. ते गच्चीवर किंवा मोकळ्या बाल्कनीत हलवा. टायमर पहाटेऐवजी दुपारी १ ते ४ लावा. तेव्हा हवा उबदार असते, त्यामुळे तेवढ्याच विजेत जास्त पाणी तापते. बोअरचे पाणी असल्यास टाकीत क्षार साचतात. तापमान ५० ते ५५ अंशांच्या वर नेऊ नका आणि टाकीतला अॅनोड रॉड (टाकीला गंजण्यापासून वाचवणारा धातूचा दांडा) वर्षातून एकदा काढून बघा.