न दिसणाऱ्या बिबट्याचे भय

प्रश्न : 'कॅट पीपल' हा १९४२ सालचा अमेरिकन भयपट नुकताच पाहिला. त्यात रक्तपात जवळजवळ नाही, काळा बिबट्याही क्वचितच दिसतो, तरी अंगावर काटा आला. असे चित्रपट सेन्सॉरच्या धाकाने निघत, की पैशाअभावी? आणि उघड हिंसा अमेरिकन भयपटांत केव्हा आली?
– एक वाचक, सांगली

उत्तर : दोन्ही कारणे खरी आहेत, परंतु या चित्रपटापुरते पैशाचे कारण अधिक वजनाचे आहे. दिग्दर्शक ऑर्सन वेल्सच्या चित्रपटांत तोटा सोसलेल्या आरकेओ स्टुडिओने १९४२ साली व्हॅल ल्यूटन या निर्मात्याकडे स्वस्त भयपटांचे काम सोपवले आणि अटी घातल्या : खर्च दीड लाख डॉलरच्या आत, लांबी ७५ मिनिटांच्या आत, आणि नाव स्टुडिओ देईल तेच. त्यामुळे 'कॅट पीपल' हे नाव आधी आले आणि कथा नंतर रचली गेली. आपण बिबट्या होऊ या भीतीने ग्रासलेली नायिका राहते त्या इमारतीतला भव्य जिनाही वेल्सच्या 'द मॅग्निफिसंट अँबरसन्स'साठी उभारलेला होता.

युनिव्हर्सल स्टुडिओने १९३१ साली 'ड्रॅक्युला' आणि 'फ्रँकेन्स्टाइन' काढले तेव्हा चेहरा हेच आकर्षण होते. 'फ्रँकेन्स्टाइन'मधला अभिनेता बोरिस कार्लोफचा राक्षस घडवायला रंगभूषाकार जॅक पिअर्स यांना दररोज कित्येक तास लागत. ल्यूटन आणि दिग्दर्शक जाक तुर्नर यांना ती चैन परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी अंधार आणि ध्वनी यांच्यावर भिस्त ठेवली. अ‍ॅलिस ही नायकाची सहकारी रात्री सेंट्रल पार्कच्या भिंतीलगत एकटी चालते तो प्रसंग आठवून पाहा. दिव्याखालचा उजेड, मग काळोख, पुन्हा उजेड. मागून येणारी दुसऱ्या टाचांची टकटक मध्येच थांबते, आणि ती थांबल्यावरच आपण खरे घाबरतो. अ‍ॅलिस पावले उचलते, श्वापदाच्या गुरगुरण्यासारखा फूत्कार कानी पडतो, आणि समोर येऊन थांबते ती एक साधी बस! या फसव्या दचक्याला ल्यूटनच्या चमूत पुढे 'बस' असेच नाव पडले. बिबट्या प्रत्यक्ष दाखवावा हा आग्रह स्टुडिओचा होता. तुर्नर यांनी तो शक्यतो सावलीत ठेवला, हे त्यांचे मोठेपण.

सेन्सॉरविषयी सांगायचे तर निर्मिती-संहितेची, म्हणजे काय दाखवावे याविषयी हॉलिवूडने स्वतःच घालून घेतलेल्या नियमावलीची, कडक अंमलबजावणी १९३४ पासून सुरू झाली. 'फ्रँकेन्स्टाइन'मध्ये राक्षस लहान मुलीला फुलासारखी तरंगेल म्हणून तळ्यात टाकतो. पुनर्प्रदर्शनाच्या वेळी तो क्षण कापला गेला. परिणाम उलटाच झाला, कारण राक्षसाचा हात मुलीकडे जातो तिथेच दृश्य तुटल्याने प्रेक्षकाच्या मनात त्याहून भयंकर कल्पना येई, आणि त्याची निरागस चूक मात्र कळत नसे. ते दृश्य १९८० च्या दशकात परत जोडण्यात आले.

संहितेची पकड १९५० नंतर सैल होत गेली. 'सायको'च्या (१९६०) स्नानगृहातील खुनातही रक्त म्हणून चॉकलेटचे सिरप वापरले होते आणि सुरीचा घाव जवळजवळ दिसतच नाही. धक्का बसतो तो झपाट्याने बदलणाऱ्या तुकड्यांनी आणि संगीतकार बर्नार्ड हर्मन यांच्या तारवाद्यांनी. खरा बदल १९६८ चा. पिट्सबर्गच्या जॉर्ज रोमेरो यांनी अल्प खर्चात काढलेला 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' ऑक्टोबरमध्ये आला. वयोगटानुसार वर्गीकरणाची पद्धत नोव्हेंबरमध्ये लागू झाली. तोवर मुलांना अडवणारे कोणी नव्हते, आणि दुपारच्या खेळांना आलेल्या मुलांनी प्रेते माणसांचे मांस खाताना पाहिली. पैशाची चणचण रोमेरो यांनाही होती, परंतु मार्ग त्यांनी ल्यूटनच्या नेमका उलटा धरला.

आपल्याला 'कॅट पीपल' आवडला असल्यास ल्यूटन आणि तुर्नर यांचाच 'आय वॉक्ड विथ अ झोम्बी' (१९४३) अवश्य पाहा. त्यात दोन स्त्रिया रात्री उसाच्या शेतातून चालत जातात; बराच वेळ कोणी बोलत नाही, फक्त वारा ऐकू येतो.