गोव्यातल्या फ्लॅटसाठी गालिचा घ्यावा की सतरंजी?

पर्वरीत नवीन फ्लॅट घेतलाय, हॉलला शोभेल असा गालिचा सुचवा, असं तुम्ही विचारलंय. सुती सतरंजी घ्या. "लोकरी गालिच्याने घराला उठाव येतो" असं कोणी सांगितलं, तर त्याने गोव्यात किती पावसाळे काढलेत ते आधी विचारा.

आम्हाला ते सांगणारे माझे दीर. फोंड्याला घर बांधलं तेव्हा मी नवलगुंदचा जमखाना, म्हणजे तिथली सुती सतरंजी, आणू म्हणत होते. धारवाड जिल्ह्यातलं गाव, बायका मागावर विणतात, जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालंय. माझ्या माहेरी होता, चवथीला भजनाची मंडळी त्यावरच बसायची. भावजी म्हणाले, "वहिनी, सतरंजी देवळात शोभते, हॉलमध्ये नाही." झालं. मडगावहून क्रीम रंगाचा जाडजूड गालिचा आला.

दुकानदार 'हँडमेड' म्हणाला, ते तसं खोटं नव्हतं. टफ्टिंगची गन, म्हणजे लोकर टोचायचं यंत्र, माणूसच हातात धरतो. लोकर कापडातून टोचून काढायची, मागून लॅटेक्स, म्हणजे रबरी गोंद फासायचं आणि ते झाकायला आणखी एक कापड चिकटवायचं. मी तिथेच कोपरा उलटून दाखवला होता. भदोहीचा किंवा काश्मिरी, खरोखर गाठी मारलेला गालिचा असेल तर नक्षी पाठीवरही दिसते आणि झालर म्हणजे त्याच्याच ताण्याचे, म्हणजे उभे धागे असतात. याची पाठ पांढरी, झालर शिवलेली. पण पैसे भावजी देत होते, त्यामुळे सगळे गप्प.

जुलैत हॉलभर ओल्या कुत्र्यासारखा वास. उचलून बघितलं तर फरशीला घाम आणि कापडावर बुरशीचे काळे ठिपके. उन्हात घालायचा, तर ऊन कुठलं? गच्चीवर न्यायचा म्हटला तर दोन माणसं लागायची. पुढे लॅटेक्स सुटायला लागलं, झाडलं की पिवळट भुगा. भावजींचं फोनवर एकच, "तुम्ही खिडक्या उघड्या ठेवत असाल." पुण्यात बसून बोलायला काय जातं!

सतरंजी मात्र मिरगाच्या आधी, पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीची मिरची वाळवता तेव्हाच धुऊन कडक वाळवा, गुंडाळून माळ्यावर टाका आणि चवथीला काढा. गालिच्यावर खर्च केला की तो पावसात उचलवत नाही, तिथेच सगळं बिनसतं. ताग तर अजिबात नको, ओल धरतो. 'आर्ट सिल्क', म्हणजे नकली रेशीम म्हणून व्हिस्कोज गळ्यात मारतात, त्यावर पाणी सांडलं की डाग पडलाच.

तुमच्याकडे दिवसभर एसी चालत असेल तर गाठींचा लोकरी गालिचा टिकेलही, मी नाही म्हणत नाही. कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड, तेवढी बघत राहा. साईझ अशी घ्या की सोफ्याचे पुढचे पाय तरी त्यावर येतील. टाइल्स गुळगुळीत असतील तर खाली रबराची जाळी घाला. रंग गडदच, तांबडी माती चपलांबरोबर आत येतेच. क्रीम सुचवणारा माणूस घरात असेल तर महिनाभर झाडू त्याच्या हातात द्या.