नागपुरात एसी सोडून कूलर वापरला तर हवामानाला फरक पडतो, की हे सरकारचंच काम आहे?

पडतो, पण मर्यादित. दीड टनाचा एसी आठ तासांत साधारण ८ ते १० युनिट खातो, कूलर दीड-दोन. देशाच्या ग्रिडवर युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे रात्रीला पाचेक किलो वाचतो. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो. फक्त समोरची खिडकी किलकिली ठेवा, नाहीतर खोलीत दमटपणा कोंडतो. जुलैत मात्र त्याचा उपयोग नाही.

पण नागपूरजवळच्या कोराडी वीज केंद्रात ६६० मेगावॅटचे, कोळशावर चालणारे तीन संच आहेत. ते तुमच्या बटणाने बंद होणार नाहीत. तो निर्णय सरकारचाच, आणि तो मागत राहणं मला एसी बंद करण्याहून मोठं काम वाटतं.

दोघांचं काम एकत्र येतं ते गच्चीवर. घरावर सौर पॅनल बसवण्यासाठीच्या केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. रोज सरासरी १२ युनिट मिळतात. पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनलवर पडली तरी अख्ख्या रांगेची वीज घटू शकते, म्हणून जागा आधी डिसेंबरच्या तिरप्या उन्हाचा विचार करून ठरवा. उन्हाळ्यात दर पंधरवड्याला धूळ धुवा, तीही सकाळी लवकर. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर ती तडकू शकते.